भाकरीसाठी बाटलेले? वऱ्हाडातला १९०० चा दुष्काळ आणि आपण

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं जातं त्यांच्यासाठी.)



आज सुरुवात घरच्या गोष्टीपासून करतो. गेल्या नाताळात अकोल्याला आमच्याकडे शाळेपासूनचा एक मित्र फराळाला आला होता. दरवर्षी येतो. करंजी खाता खाता हसत हसत म्हणाला, "काहून रे, तुमचा पणजा ज्वारीसाठीच बाटला होता ना?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कुठेतरी ऐकलं असेल, मोबाईलवर काही आलं असेल, बोलून गेला. मीही हसलो, चहा ओतला, विषय बदलला. पण रात्री झोप लागली नाही. कारण त्या प्रश्नाला छातीठोकपणे 'नाही' म्हणणं मला जमत नव्हतं.

आमच्या घराण्याची वंशावळ पणजोबांपाशी थांबते. आजी सांगायची, की ते दुष्काळात पोरके झाले आणि अनाथाश्रमात वाढले. आपलं गाव कोणतं, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. घरापुढे चिंच होती आणि जवळ नदी होती, एवढंच आठवायचं. आता वऱ्हाडात चिंच आणि नदी नाही असं गाव कोणतं? म्हणजे आमचा शोध तिथेच संपला.

वऱ्हाडातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत अशी एखादी गोष्ट आहे. सांगायची लाज वाटते, म्हणून ती सांगितली जात नाही. आज ती लाज बाजूला ठेवू आणि तेव्हा काय घडलं ते नीट बघू.

सोन्याची कुऱ्हाड

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती उगाच पडलेली नाही. काळी कसदार जमीन, आणि तिच्यात पिकणारा कापूस. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. रेल्वे आली. १८६७ पर्यंत भुसावळ, अकोला, बडनेरा, नागपूर अशी लाईन पूर्ण झाली. खामगावचा बाजार तर एवढा मोठा, की तिथे वेगळा फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले.

पण कापूस खाता येत नाही. जिथे ज्वारी पेरायची तिथे पराटी उभी राहिली. हातात पैसा आला, सावकारही आला, आणि घरातलं धान्याचं पेव मात्र रिकामं होत गेलं. पाऊस आहे तोवर हे सगळं चालतं. पाऊस गेला, की पैसा जातो आणि घरात दाणाही नसतो. आजही कापसाच्या भावावर आणि एका पावसावर ज्यांचं सगळं घर उभं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ते वर्ष

१८९६-९७ मध्ये पहिला मोठा तडाखा बसला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ चा पाऊस दगा देऊन गेला. खरीप गेलं, रब्बी गेलं, विहिरी आटल्या, गुरं मेली. सरकारने दुष्काळी कामं काढली. हजारो बाया-माणसं दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी पोटापुरते पैसे घ्यायची. मग १९०० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पटकी आली. भुकेने खंगलेल्या शरीरांना तिने सोडलं नाही.

एकच आकडा सांगतो. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढायला हवी होती, ती जवळपास दीड लाखाने घटली. आणि आई-बाप गेल्यावर जी पोरं मागे राहिली, ती रस्त्याच्या कडेला, रेल्वे स्टेशनवर, कामाच्या ठिकाणी सापडायची.

अनाथाश्रम

आपल्याकडे तेव्हा अलायन्स मिशनचं काम नुकतंच उभं राहत होतं. ही अमेरिकेतली मिशन, १८८७ मध्ये स्थापन झालेली. अकोला हे तिचं मुख्य ठिकाण. मुलांचा अनाथाश्रम अकोल्याला आणि मुलींचा खामगावला, अशी व्यवस्था होती. ज्या खामगावात कापसासाठी व्हाइसरॉय आले होते, त्याच खामगावात तीस वर्षांनी भुकेल्या पोरींसाठी अनाथाश्रम चालत होता. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

या कामात एक बाई होत्या, जेनी फुलर. अकोल्याच्या मिशनमधल्या मार्कस फुलर यांच्या पत्नी. भारतातली त्यांची सुरुवातही आपल्याच भागात, एलिचपूरला, म्हणजे आताच्या अचलपूरला, झालेली. हिंदुस्थानातल्या बायकांच्या हालांवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं, 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहूड'. ते १९०० मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. त्याच वर्षी जेनीबाई वारल्या.

रमाबाईंचं नाव आलंच आहे, तर त्यांचंही सांगतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेले. त्या वेळी त्या ऐन तारुण्यात होत्या. म्हणून १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळल्यावर त्यांना घरात बसवेना. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. मुली सांभाळता येत होत्या, पण मुलग्यांचं काय? ती जबाबदारी आल्बर्ट नॉर्टन यांनी घेतली आणि दौंडला मुलांचा आश्रम काढला. हे नॉर्टनही मूळचे एलिचपूरचेच म्हणायचे. त्याआधी त्यांनी तिथे कोरकू लोकांमध्ये काम केलं होतं. केडगाव आणि दौंड पुणे जिल्ह्यात, पण त्यांचे धागे असे वऱ्हाडात येऊन पोचतात.

धान्याचंही ऐका. १९०० मध्ये न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज हजारो टन मका घेऊन मुंबईला आलं. 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी काढून तो पाठवला होता. वर्गणी देणाऱ्या बहुतेकांनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नसेल.

अवघड भाग

इथवर ऐकायला बरं वाटतं. आता अवघड भागाकडे येऊ. तो टाळला तर मित्राला दिलेलं उत्तर अर्धवट राहील.

आश्रमात आलेली पोरं ख्रिस्ती म्हणून वाढवली गेली. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि सात वर्षांच्या भुकेल्या पोराला विचारून तरी काय कळणार होतं? दुष्काळ म्हणजे सुवार्तेची संधी, असं मानणारे मिशनरी होते. हे आपण नाकारू नये. काहींची नावं बदलली. काहींचं गाव, जात, आईचं नाव कुठे टिपून ठेवलं गेलं नाही. माझ्या पणजोबांचं गाव हरवलं त्याला दुष्काळ जबाबदार आहेच. पण नोंद करताना कुणी दोन प्रश्न जास्त विचारले असते, तर कदाचित ते सापडलंही असतं. ही सल मी मनातून काढू शकत नाही, आणि काढावी असंही मला वाटत नाही.

ही टीका आजची नाही, त्याच काळात झाली. लाला लजपत राय आणि आर्य समाज यांनी हाच प्रश्न धरला: हिंदूंची पोरं मिशनऱ्यांच्या हाती का जावीत? ते नुसतं बोलून थांबले नाहीत. त्यांनी मध्य प्रांतातून आणि राजपुतान्यातून पोरकी मुलं नेऊन पंजाबातल्या अनाथाश्रमांत ठेवली. माझ्या मते टीका करायची ती अशी. 'त्यांनी पोरं नेली' म्हणायचं असेल, तर आपणही चार पोरं उचलायची. त्या ओढाताणीत दोन्हीकडच्या लोकांचे हेतू किती शुद्ध होते ते देव जाणे, पण पोरं जगली.

डेबूजी

त्याच १८९९-१९०० मध्ये, त्याच वऱ्हाडात, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी एक तेवीस-चोवीस वर्षांचा शेतकरी मामाच्या घरी राबत होता. बाप लहानपणी दारूपायी गेलेला, मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. १९०५ मध्ये त्याने घर सोडलं, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेतलं, आणि महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणू लागला.

'देवकीनंदन गोपाला' हा १९७७ चा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, डॉ. श्रीराम लागू यांनी बाबा उभे केलेला. मी तो लहानपणी मंडळीतल्या एका काकांच्या घरी टीव्हीवर पाहिला. तेव्हा काका म्हणाले होते, "हे तर आपल्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं आहे." त्या वेळी काही कळलं नाही. पुढे बाबांची दशसूत्री एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर वाचली तेव्हा कळलं. भुकेल्याला अन्न, मग तहानलेल्याला पाणी, मग उघड्यानागड्याला वस्त्र. मत्तयातही भुकेला पहिला, तहानलेला दुसरा, पुढे उघडा. बाबांनी ते तिथून घेतलं असं मी मुळीच म्हणत नाही. वऱ्हाडातला दुष्काळ ज्याने ऐन तरुणपणी पाहिला, तो यादी करायला बसला तर पहिलं नाव भुकेल्याचंच येणार.

बाबांचं देहावसान अमरावतीजवळ वलगावला झालं, २० डिसेंबर १९५६ रोजी. नाताळाच्या पाच दिवस आधी. अमरावतीत त्यांची समाधी आहे. नाताळाच्या खरेदीला तिकडे जाणं झालं, तर एकदा तिथे जाऊन या.

मग उत्तर काय?

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. मी त्याला फोन केला. म्हटलं, "तू बोलला ते खरं आहे. पणजा ज्वारीसाठीच तिथे गेला. म्हणजे गेलाही नाही, कुणीतरी उचलून नेला. पण मले एक सांग, बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आजोबांनी लाल मिलो खाल्ली होती ना?" तो म्हणाला, "खाल्ली. रोजगार हमीच्या कामावर होते, सुकडीबी खाल्ली." ती मिलो अमेरिकेहून आलेली. ती खाल्ली म्हणून त्याचे आजोबा कुणाला विकले गेले नव्हते. पोटाला लागलेलं कुठून आलं, हे बघायची ती वेळच नसते.

आणि आपल्या लोकांना, मंडळीतल्यांना, एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. आपण या इतिहासाची लाज का बाळगतो? कारण आपल्याला वाटतं, खरा विश्वास भुकेतून येत नसतो. तो विचारातून यावा, पुस्तकं वाचून यावा, नारायण वामन टिळकांसारखा. टिळकांचा मार्ग थोरच. पण उधळ्या पुत्राची गोष्ट आठवा. तो घरी का परतला? पश्चात्ताप झाला म्हणून, असं आपण शब्बाथ शाळेत शिकवतो. गोष्टीत मात्र आधी दुष्काळ पडतो. पोरगा उपाशी मरायला लागतो, आणि बापाच्या घरी चाकरांनासुद्धा पोटभर भाकर मिळते हे त्याला आठवतं. तो भाकरीसाठीच निघाला. बापाला हे कळलं नसेल? तरी बापाने त्याला दारात उभं करून "तू माझ्यासाठी आलास की जेवणासाठी?" असं विचारलं नाही. तो धावत सुटला.

प्रभूच्या प्रार्थनेतही बघा, रोजच्या भाकरीची मागणी आधी येते आणि पापाच्या क्षमेची नंतर. दर रविवारी आपण ती म्हणतो. ज्यांच्या पोटात भाकर आहे, ते ती ओळ भरभर म्हणून पुढे जातात. पणजोबा, आजी सांगायची, त्या ओळीवर थांबायचे. सगळी मंडळी पुढे निघून जायची आणि ते मागून एकटेच उरलेली प्रार्थना पूर्ण करायचे. लहानपणी आम्ही पोरं या गोष्टीला हसायचो. आता हसू येत नाही.

भाकर मिळाल्यावर पुढचं आयुष्य मात्र त्यांचं स्वतःचं होतं. आश्रम सोडून जाता आलं असतं, काही जण गेलेही असतील. पणजोबा राहिले. सुतारकाम शिकले, लग्न केलं, आणि दाराशी कुणी आलं तर जेवू घातल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भुकेने ते त्या दारापर्यंत आले असतील, पण पुढची साठ वर्षं नुसत्या भुकेवर निघत नाहीत.

शेवटी एक काम देतो. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, आपल्यातला पहिला माणूस कोण, कुठून आला, काय खाऊन जगला. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. चिंच आणि नदी एवढंच सांगितलं, तरी तेवढं लिहा.

मित्राने फोन ठेवता ठेवता विचारलं, "मग पुढच्या नाताळाला येऊ ना?" मी म्हटलं, "ये बाप्पा, करंज्या तुझ्यासाठीच करतो."

पुढच्या भागात भेटू. सलाम.