काशीयात्रा, इसेयात्रा आणि आमची जपानची वही



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. "सर, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि विषय जपानच्या सहलीचा खर्च? काही चुकलंय का?" चुकलेलं काही नाही. आम्ही आयुष्यभर वर्गात कांट आणि शंकराचार्य शिकवले. पण माणूस खरोखर कशाला किंमत देतो, हे त्याच्या भाषणापेक्षा त्याच्या खर्चाच्या वहीत लवकर कळतं, असं आमचं निवृत्तीनंतरचं मत झालं आहे. तेव्हा आज वहीपासूनच सुरुवात करू.

आमचं मूळ साताऱ्याचं, नोकरी आणि घर सांगलीचं. जपानला जायचं असं आमच्या घरात २०१८ पासून बोललं जातंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात कमरेइतकं आलं, आणि त्या प्रवासासाठी ठेवलेली ठेव भिंतींना, फरशीला आणि फ्रीजला गेली. पुढच्या वर्षी करोना. आपल्याकडे म्हणतातच, काशीस जावे नित्य वदावे. आम्ही नित्य वदत राहिलो.

या वर्षी मुलानं मनावर घेतलं. आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई, अकरा वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू, अशी सहा माणसं. एका प्रवासी कंपनीनं आकडा सांगितला, तो ऐकून आम्ही चहाचा कप खाली ठेवला. मग घरीच वही घातली. नऊ लाखांच्या वर जायचं नाही, असं ठरलं.

वहीचा पहिला धडा हिशेबाचा. जपानला पहिल्यांदा जाणारा माणूस ऐकीव माहितीवर आधी रेल्वेचा पास घेतो. सात दिवसांच्या त्या पासाची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. सहा ते अकरा वयाला अर्धं तिकीट, त्याखालच्या मुलाला मांडीवर फुकट. म्हणजे आमचे साडेचार पास, २,२५,००० येन. शंभर येनला ५८ रुपये धरले तर १,३०,५०० रुपये. त्याऐवजी टोकियोला उतरायचं आणि ओसाकाहून परत फिरायचं. मग टोकियो ते क्योटो हा बुलेट ट्रेनचा प्रवास एकदाच करावा लागतो. माणशी सुमारे १४,००० येन, साडेचार तिकिटांचे ६३,०००, म्हणजे साडेछत्तीस हजार रुपये. चौऱ्याण्णव हजार तिथेच वाचले. तारखाही अशाच. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला साकुरा फुलतो तेव्हा खोल्यांचे दर चढलेले असतात. एप्रिलअखेर ते ५-६ मे जपानी लोकांच्याच सुट्ट्या असतात. आपल्या शाळांची सुट्टी मात्र पुढेही असते. म्हणून मेचा दुसरा आठवडा धरला. राहायला ओटा असलेली लहान जागा घ्यायची, कारण शाकाहारी माणसाची तिथे अडचण अशी की भाजीच्या रश्शातसुद्धा बहुधा माशाचा अर्क असतो. भात, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी असली की निम्मा प्रश्न सुटतो.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. तरी बेरीज नऊ लाखांच्या पुढे साठ हजारांनी जात होती. एका सकाळी वही उघडली तर आमच्या सौंनी स्वतःचं नाव खोडलेलं. बाजूला वजाबाकीही करून ठेवलेली. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, माझे गुडघे आणि तुमचे पैसे, दोन्ही वाचतील. तुम्ही फोटो आणा."

वजाबाकी बरोबर होती. तरीही ती चूक आहे असं आम्हाला वाटत होतं, आणि चूक कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. अशा वेळी आम्ही इतिहासाकडे जातो.

आपले पूर्वज कमी पैशात लांबचा प्रवास कसा करत? काशीयात्रेचं उदाहरण घेऊ. १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं, दक्षिणा मिळवून ते फेडायचं होतं. वाटेत बंडाची धामधूम गाठली, मिळवलेलं लुटलं गेलं. पण गंगेची कावड त्यांनी घरी आणली आणि त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घातलं. जमाखर्चाच्या भाषेत तो प्रवास फसला. पण घरी राहिलेल्यांचा वाटा त्यांनी खांद्यावरून आणला होता. काशीहून आलेला माणूस गावाला मावंद्याचं जेवण घालतो, त्यामागेही हाच अर्थ आहे. निघताना कुणी शिधा दिलेला असतो, कुणी गुरं सांभाळलेली असतात, कुणी म्हाताऱ्यांकडे पाहिलेलं असतं. मावंदं हा त्या सगळ्यांचा परतावा.

आता जपानकडे वळू, कारण तिथे हीच गोष्ट जास्त पद्धतशीर झाली. तोकुगावांच्या काळात सामान्य माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधनं होती. वाटेत नाके होते, परवाने लागत. पण इसेच्या देवस्थानाला जातो म्हटलं की परवानगी मिळे. खर्चाचं काय? गावोगाव 'को' नावाची मंडळं होती. आपली भिशीच म्हणा ना! प्रत्येकानं ठरलेली रक्कम घालायची, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्यानं सगळ्यांच्या वतीनं इसेला जायचं. तिथे त्या गावाचा पुरोहित ठरलेला असे, आपल्या तीर्थोपाध्यायासारखा. तो राहण्याजेवणाची सोय करी. परतताना यात्रेकरू देवस्थानाचे ताईत आणि वाटेतल्या वस्तू घेऊन येई, कारण पैसे सगळ्यांचे होते. जपानी माणूस आजही प्रवासाहून कचेरीत खाऊ आणतो, त्या चालीचं एक मूळ इथे सांगतात. आणि १८३० मध्ये तर काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक माणसं इसेला लोटली. त्यांत मालकाला न विचारता पळालेले नोकर होते, पोरं होती. अनेकांच्या हातात पाण्याची पळी असे. ती यात्रेकरूची खूण. वाटेतल्या लोकांनी तीत दाणे घालायचे, पैसे घालायचे.

म्हणजे बघा, स्वस्त प्रवासाची जुनी युक्ती खर्च वाटून घेण्याची होती. एक जाई, पण खर्चात आणि फळात पुष्कळ जणांचा वाटा असे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू आपल्या साताऱ्यानं पाहिली आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. तेही एका परीनं साऱ्या राज्याच्या वतीनं गेलेले यात्रेकरू. सुमारे चौदा वर्षं ते तिथे अर्ज करत राहिले. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झालं. पाठवणाराच राहिला नाही, आणि रंगो बापूजींच्या डोक्यावर कर्ज राहिलं. ज्याच्या मागचे हात सुटतात, त्या प्रतिनिधीचं काय होतं ते इथे दिसतं.

महाराष्ट्रातून जपानकडे जाणारी वाटही अशी दुसऱ्यांच्या आधारानं सुरू झाली. पंडिता रमाबाई १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना जपानमध्ये थांबल्या, तेव्हा त्यांच्या नियोजित शाळेमागे अमेरिकेतल्या वर्गणीदारांची संस्था उभी होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्यानं निप्पॉन युसेन कैशा या कंपनीनं मुंबई ते कोबे अशी बोटींची फेरी चालू केली. ती प्रवाशांसाठी नव्हती, कापसाच्या गाठींसाठी होती. १९१५ मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इथे महिला विद्यापीठ काढलं. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९-३० च्या जगप्रवासात, ते टोकियोतलं ते विद्यापीठ पाहून आले. तेही स्वतःच्या हौसेला निघालेले नव्हते, संस्थेसाठी फिरत होते.

मग आपल्यासारखा साधा माणूस केव्हा निघाला? एअर इंडियाचं विमान १९५५ पासून टोकियोला जाऊ लागलं. पण आमच्या तरुणपणी परदेशी जाणाऱ्याच्या हातावर सरकार आठ डॉलर ठेवी. म्हणजे तिकडे कुणी ओळखीचं असेल तरच जायचं. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आपल्या इतिहासात पहिल्यांदाच मध्यमवर्गीय कुटुंब कुणाच्याही वतीनं न जाता, निव्वळ पाहायला म्हणून, जपानला जाऊ शकतं. ही मोठी मोकळीक आहे आणि आम्ही तिला नावं ठेवणार नाही. पण एक झालं. शिधा देणारं कुणी राहिलं नाही, चिठ्ठी टाकायला मंडळ राहिलं नाही. सगळा भार एका घराच्या बेरजेवर आला. आणि बेरीज जुळेना, की घरातलंच एक माणूस गुपचूप स्वतःला वजा करतं. ते माणूस बहुतेक वेळा कोण असतं, ते या सभागृहातल्या भगिनींना आम्ही सांगायला नको.

सौंच्या वजाबाकीतली चूक आम्हाला इथे सापडली. इसेच्या मंडळात घरी राहणाऱ्याचा हिस्सा आधी मान्य केलेला असे, पुढच्या वर्षी त्याच्या नावाची चिठ्ठी निघू शके. आमच्या वहीत घरी राहणाऱ्याला फक्त फोटो मिळणार होते. आणि 'पुढच्या वर्षी' हा शब्द सत्तरीनंतर जपून वापरावा लागतो.

आम्ही वही पुन्हा घेतली. आमचा एक हट्ट तीत होता, हिरोशिमा. युद्ध आणि नीती हा विषय आम्ही किती वर्षं शिकवला, ते गाव डोळ्यांनी बघायचं होतं. क्योटोहून तिथे माणशी साडेअकरा हजार येनच्या आसपास पडतात. साडेचार तिकिटं, जाऊन येऊन, १,०३,५०० येन. रुपयात साठ हजार. एका माणसाच्या विमानाच्या तिकिटाएवढे! आम्ही हिरोशिमा खोडलं आणि वर सौंचं नाव पुन्हा लिहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला तेच तर बघायचं होतं." होतंच. अजून आहे. खोडताना बरं वाटलं, असं आम्ही म्हणणार नाही.

त्याऐवजी नारा ठेवलं. क्योटोहून तासाभराच्या आत, थोडक्या तिकिटात. तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या भव्य बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ मध्ये रंगवून उघडले गेले, आणि तो कुंचला हातात धरला होता भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूनं. त्या कुंचल्याला लांबलचक दोऱ्या बांधल्या होत्या. त्यांची टोकं जमलेल्या लोकांनी धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना लागावं. त्यातली निळी दोरी तिथल्या शोसोइन भांडारात आजही जपून ठेवलेली आहे. रोज ती बघायला मिळत नाही. मूर्ती मात्र दिसते. गुडघे कुरकुरले तर सौ त्या अंगणात बसतील, नातू हरणांमागे पळेल.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. ही बातमी कळल्यावर शेजारच्या काकूंनी पाकिटात पाचशे एक रुपये घालून दिले, "पोरांना तिकडे काहीतरी घ्या" म्हणून. साताऱ्याच्या मेव्हण्यांनी कंदी पेढे पाठवतो म्हणून कळवलं. सूनबाईंनी विचारलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मग वहीत एक नवा रकाना आखला, 'लोकांचं'. त्यात नावं भरत चालली आहेत. आणि शेवटच्या ओळीत सौंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : मावंदे, अंदाजे पन्नास पाने, बारा हजार.

नऊ लाखांच्या वर बारा हजार गेले. मुलगा कुरकुरतोय. आम्ही ती ओळ खोडलेली नाही.