वाट पाहणारे घर

‘वाट पाहणे’ हा शब्दप्रयोग आपण मराठी माणसे इतक्या सहजतेने करतो की, त्यातील वाट आपल्याला दिसेनाशी झाली आहे. येणारा ज्या वाटेने येणार, त्या वाटेकडे डोळे लावून बसणे हा त्याचा मूळ अर्थ. आल्प्स पर्वतराजीत एक घर आहे. गेली सुमारे साडेनऊशे वर्षे ते याच मूळ अर्थाने वाट पाहत आहे.

स्वित्झर्लंडचा व्हाले प्रांत आणि इटलीचे आओस्ता खोरे यांच्या मध्ये ‘ग्रेट सेंट बर्नार्ड’ नावाची खिंड आहे. तिची उंची २४६९ मीटर. उत्तरेच्या बाजूने चढण सुरू करणारा वाटसरू बूर-सँ-प्येर या गावातून निघतो. ते गावच १६३२ मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर वसले आहे. तेथून आठशे मीटरहून अधिक चढून गेल्यावर खिंड लागते आणि मग सँ-रेमी गावावरून वाट आओस्ता नगराकडे उतरते. उन्हाळ्यात या वाटेवर रानफुले असतात. हिवाळ्यात मात्र बर्फाखाली वाटेची खूणही उरत नाही.

ही वाट ख्रिस्तसभेहून जुनी आहे. रोमन लोकांनी खिंडीत ज्युपिटर देवाचे मंदिर उभारले होते. सुखरूप पार झालेले प्रवासी, सैनिक आणि व्यापारी नवस फेडण्यासाठी तेथे काशाच्या छोट्या पट्ट्या वाहत. जाणे आणि परत येणे निर्विघ्न व्हावे, एवढेच त्यांचे मागणे असे. उत्खननात सापडलेल्या त्या पट्ट्या आज खिंडीतील संग्रहालयात पाहावयास मिळतात. देवाचे नाव निराळे असले, तरी भीती माणसाचीच होती.

पुढे रोमचे साम्राज्य लयाला गेले. परंतु संत पेत्र आणि संत पौल यांच्या समाधींकडे जाणाऱ्या यात्रेकरूंनी वाट जिवंत ठेवली. त्यासाठी त्यांनी दिलेले मोल मोठे होते. ९५९ साली कँटरबरीचे नियोजित आर्चबिशप एल्फसीज हे आपल्या पदाचे चिन्ह असलेले पॅलियम पोपमहोदयांकडून स्वीकारण्यासाठी रोमला निघाले आणि आल्प्स ओलांडताना थंडीने गारठून मृत्यू पावले. ९७२ साली क्लूनी मठाचे मठाधिपती मायोल रोमहून परतत असता या डोंगरांत दबा धरून बसलेल्या सारासेन टोळीने त्यांना पकडले. जबर खंडणी भरल्यावरच त्यांची सुटका झाली.

९९० साली कँटरबरीचेच आर्चबिशप सिगेरिक रोमहून याच वाटेने मायदेशी परतले. त्यांच्या परतीच्या मुक्कामांची यादी आजही उपलब्ध आहे. तिच्यात खिंडीच्या दक्षिणेचे सँ-रेमी आहे, उत्तरेचे बूर-सँ-प्येरही आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये, जेथे माणसाला निवाऱ्याची सर्वाधिक गरज, तेथे एकही मुक्काम नाही.

ती रिकामी जागा एका धर्मगुरूच्या मनाला लागली. बर्नार्ड हे आओस्ता धर्मप्रांताचे आर्चडीकन होते. खिंड उतरून आलेले, लुबाडले गेलेले, हिमदंशाने बोटे गमावलेले वाटसरू त्यांच्याच नगरात येत. खाली राहून त्यांच्यावर उपचार करणे हेही पुण्यकर्मच ठरले असते. बर्नार्डांनी मात्र १०५०च्या सुमारास थेट खिंडीत धर्मशाळा उभारली. पुढे संत ऑगस्टीन यांच्या नियमावलीप्रमाणे जगणारे व्रतस्थ धर्मगुरू तेथे बारमाही राहू लागले. येथे ख्रिस्ताची आराधना होते आणि येथेच त्याला जेवू घातले जाते, अशा अर्थाचे त्या घराचे ब्रीदवाक्य आहे. अंतिम न्यायाविषयी प्रभू येशूने जे सांगितले, त्याचा याहून थोडक्यात अर्थ कोणी सांगितला असेल, असे मला वाटत नाही.

या घराचा दिनक्रम कठोर होता. हिवाळ्यात धर्मशाळेचे वाटाडे खिंडीच्या दोन्ही उतारांवर जाऊन वर येणाऱ्यांना गाठीत, त्यांच्यापुढे चालून बर्फात पायवाट पाडीत. धुके दाटले की, घंटा वाजविली जाई. अन्न आणि अंथरूण यांचे मोल कोणाकडे मागितले जात नसे आणि त्याचा पंथही विचारला जात नसे. तरीही सर्वांनाच वाचविता येत नसे. गोठलेल्या खडकाळ जमिनीत कबर खणता येत नसल्यामुळे बेवारस मृतदेह एका दगडी कोठडीत ठेवावे लागत. केव्हातरी कोणी आप्त येईल आणि ओळख पटवील, ही आशा. त्या घराने मृतांसाठीही वाट पाहिली.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे मोठे कुत्रे पाळले जाऊ लागले. त्यांच्या गळ्यात ब्रँडीचे पिंप असे, ही चित्रकारांनी रूढ केलेली कल्पना होय. त्यांचे खरे बळ वास घेण्याच्या शक्तीत आणि बर्फात वाट शोधण्यात होते. १८०० ते १८१४ या काळात होऊन गेलेल्या ‘बॅरी’ नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक जीव वाचविले, असे परंपरा सांगते.

बॅरीच्या जन्माच्याच वर्षी, मे १८०० मध्ये, नेपोलियन सुमारे चाळीस हजारांचे सैन्य घेऊन ही खिंड ओलांडून गेला. पोकळ केलेल्या झाडांच्या खोडांत तोफांच्या नळ्या घालून सैनिकांनी त्या बर्फातून ओढल्या. चित्रात तो उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात तो खेचरावर बसून गेला. धर्मशाळेने त्याच्या सैनिकांना पाव, चीज आणि वाईन दिली. बूर-सँ-प्येरच्या गावकऱ्यांना भरपाईचे दिलेले वचन मात्र त्याने पाळले नाही. १९८४ साली फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांनी त्या ऋणाची केवळ प्रतीकात्मक परतफेड केली. सेनापती वाटेवरून गेला, धर्मगुरू वाटेवर राहिले. आज खिंडीला नाव कोणाचे आहे, हे सांगावयास नकोच.

तरुणपणी गिर्यारोहक असलेले आणि १८८९ साली मोंते रोझा शिखर सर करणारे धर्मगुरू आकिल्ले रात्ती पुढे अकरावे पायस या नावाने पोप झाले. १९२३ साली त्यांनी संत बर्नार्ड यांना पर्वतवासीयांचे आणि गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पुढे १९३३ साली याच धर्मशाळेचे काही धर्मगुरू आपल्या आशिया खंडात, चीन आणि तिबेट यांच्या सीमेवर आले. तेथील उंच खिंडीतही वाटसरूंसाठी असेच घर बांधावे, अशी त्यांची इच्छा होती. ते घर पूर्ण झाले नाही. या मंडळींना पुढे जाऊन मिळालेले फादर मॉरिस तोर्ने हे खिंडीखालच्याच ओर्सिएर परिसरात १९१० साली जन्मलेले. आपल्या छळ सोसणाऱ्या धर्मग्रामासाठी न्याय मागण्यास ल्हासाला जाताना ११ ऑगस्ट १९४९ रोजी एका खिंडीत दबा धरून त्यांची हत्या करण्यात आली. १९९३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

१९६४ साली खिंडीखालून बोगदा झाला आणि मोटारी काही मिनिटांत डोंगर पार करू लागल्या. कुत्र्यांचे पालन २००५ साली एका स्वतंत्र संस्थेकडे गेले. मग वरच्या घराची गरज संपली काय? तसे झाले नाही. सिगेरिक यांच्या यादीवरून आखलेल्या ‘व्हिया फ्रांचिजेना’ या यात्रामार्गाला १९९४ साली युरोप परिषदेची मान्यता मिळाली. आज पाठीवर पिशवी घेतलेले पदयात्री पिवळे दिशाफलक पाहत पुन्हा त्याच पायवाटेने वर येतात. हिवाळ्यात रस्ता बंद होतो तेव्हा बर्फावरून चालत येणाऱ्यांसाठीही ते दार उघडे असते. काहींची श्रद्धा दृढ असते, काहींची हरवलेली असते. गरम चहा दोघांनाही मिळतो.

आपल्या धर्मग्रामांतही अशा रिकाम्या जागा असतात. दोन मुक्कामांच्या मध्ये एखादे कुटुंब थंडीत सापडलेले असते: घरातले कर्ते माणूस गेलेले, मुलगा व्यसनात अडकलेला, म्हातारी एकटी पडलेली. ती माणसे आपल्या देवळापर्यंत खाली उतरून येतील, म्हणून आपण थांबतो. संत बर्नार्ड थांबले नाहीत. जेथे माणसे वाट चुकतात तेथे ते चढून गेले आणि तेथे बसून त्यांनी वाट पाहिली.