हात उचलू नका, हे आधी कोण म्हणालं?

"आता त्या हातानं काही उचलायचं नाही." घरात कुणाचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असणारच. आधी दवाखान्यात सांगतात, मग जाऊबाई सांगतात, मग शेजारची काकू. कॅन्सर झालेल्या माणसांच्या व्यायामाचा इतिहास हा माझ्या पीएचडीचा विषय आहे आणि त्यात या एका वाक्यापाशी मी बराच काळ अडून बसले आहे.

कारण लोहाऱ्यात ते वाक्य महाग पडतं. आपल्या एका अंगाला यवतमाळ शहर आणि एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कपाशी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दोन्ही हात बोंडांवर चालले तरच दिवस भरतो. एक हात वापरू नको म्हणणं म्हणजे त्या बाईची मजुरी अर्ध्यावर आणणं. मग हा सल्ला निदान तपासलेला तरी होता का?

त्यासाठी अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जावं लागतं. विल्यम हॉलस्टेड या सर्जननं १८९४ मध्ये आपल्या ऑपरेशनची माहिती छापली. स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर हीच रीत चालली. पण हाताचं काय होई? खांदा आखडायचा. शिवाय काखेतल्या गाठी म्हणजे हातातल्या पाण्याचा निचरा करणारी वाट. शेतातली चारी बुजवली की बांधाला पाणी तुंबतं ना, तसं हातात पाणी तुंबून सूज यायची. डॉक्टरी भाषेत लिम्फेडेमा. जड उचललं तर हातात रक्त जास्त येणार, म्हणजे पाणीही जास्त येणार, म्हणजे सूज वाढणार, असा हिशेब मांडला गेला. हिशेब ऐकायला बरोबर वाटतो. प्रयोग करून तो पाहायला मात्र दशकं गेली.

पहिली ढकल एका पेशंटनंच दिली. टेरीस लॅसर या बाईंचं १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऑपरेशन झालं. पुढं काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या स्वतःच इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या. जवळच्या सामानात एक रबरी चेंडू आणि एक दोरी. चेंडू मुठीत दाबायचा, दोरीनं हात वर ओढायचा, भिंतीवर बोटं चढवत न्यायची. 'रीच टू रिकव्हरी' हे त्या कामाचं नाव. काही डॉक्टरांना ही लुडबूड वाटली. मला मात्र त्यातली गोष्ट महत्त्वाची वाटते ती ही की व्यायाम आणि सोबत एकाच पिशवीतून आली.

आपल्याकडे काय होतं? मुंबईत परळला टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उघडलं. त्याच परळात, केईएम रुग्णालयात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, आणि त्यामागं मोठं कारण होतं मुंबईतली पोलिओची साथ. म्हणजे आपल्याकडची ही विद्या कॅन्सरसाठी नाही, लहान मुलांच्या पायांसाठी आली. आणि वऱ्हाडाला व्यायाम कुणी नव्यानं शिकवायची गरजच नव्हती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. पण आखाडा हा धडधाकट माणसाचा, त्यातही पुरुषाचा. तुकडोजी महाराज गावोगावी आरोग्याबद्दल आणि व्यायामाबद्दल बोलत राहिले. १९६८ मध्ये ते कॅन्सरनंच गेले, आणि नागपूरचं कॅन्सर रुग्णालय आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. व्यायाम सांगणाऱ्याचं नाव कॅन्सरच्या दवाखान्यावर आहे, पण आपल्या डोक्यात या दोन गोष्टी अजून शेजारी बसत नाहीत. आजारी माणूस म्हणजे खाट, हेच आपलं गणित.

खाटेवरचा विश्वास खरं तर बाहेर कधीच डळमळला होता. रिचर्ड आशर या ब्रिटिश डॉक्टरनं १९४७ मध्येच झोपून राहण्याच्या तोट्यांवर लेख लिहिला होता. कॅन्सरपर्यंत ते पोचायला १९८०चं दशक उजाडलं. ओहायोमध्ये मेरिल विनिंगहॅम या नर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो चालू असलेल्या बायकांना जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं. आठवड्यातून ३ दिवस, १० आठवडे. थकवा वाढेल ही भीती होती. उलट दम वाढला.

आता वजनाकडे येऊ. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटानं एक चाचणी छापली. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका. निम्म्यांनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, निम्म्यांनी नाही. जुना हिशेब खरा असता तर उचलणाऱ्यांची सूज वाढायला हवी होती. ती वाढली नाही. सूज एकदम बळावण्याचा त्रास उचलणाऱ्यांत १४ टक्के जणींना झाला, न उचलणाऱ्यांत २९ टक्के जणींना.

पण थांबा, लगेच कुणाला हंडा उचलायला लावू नका! त्या बायकांनी अगदी हलक्या वजनापासून सुरुवात केली, हळूहळू वाढवलं, हातावर मापाची दाब देणारी बाही घातली, आणि पहिले तीन महिने शिकवणारं माणूस समोर होतं. वेचणीत यातलं काहीच नसतं. तिथं पहिल्याच दिवशी आठ तास. म्हणून 'उचलू नको' हे जितकं अर्धवट, तितकंच 'खुशाल उचल' हेही.

गेल्या वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी मला याच अंगानं वाचावीशी वाटते. २०२५ मध्ये 'चॅलेंज' चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट, ऑपरेशन आणि केमो संपलेले. एका गटाला आरोग्याची माहितीपुस्तिका मिळाली. दुसऱ्याला पुस्तिकेसोबत ३ वर्षं व्यायामाचा कार्यक्रम, बहुतेकांसाठी भरभर चालणंच. ८ वर्षांनी पहिल्या गटात ८३.२ टक्के लोक हयात होते, दुसऱ्यात ९०.३ टक्के. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी चालणाऱ्यांत थोड्या जास्त झाल्या, तेही सांगायला हवं. पण दोन गटांतला फरक नीट पाहा. चालायला हवं हे पुस्तिकेवाल्यांनाही कळलेलं होतं. दुसऱ्यांना ३ वर्षं ठरलेल्या दिवशी विचारणारं माणूस मिळालं: या आठवड्यात किती चाललात, कुठं अडलं, पुढच्या वेळी काय करू या?

लोहाऱ्याहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. भर तपासणीच्या दिवशी, गर्दीत, 'व्यायाम करत जा' एवढं ऐकून माणूस एसटीत बसतो. म्हणजे आपण त्याच्या हातात पुस्तिकाच देतो. विचारणारं माणूस जवळच लागेल: यवतमाळातला फिजिओथेरपिस्ट, गावातली आशाताई, किंवा आधी यातून गेलेली एखादी बाई, लॅसर यांच्यासारखी.

तोवर तुमच्या घरात पेशंट असेल तर पुढच्या तपासणीला तीन गोष्टी विचारून या. हाडांत आजार पसरलाय का, रक्तातल्या पेशी पुरेशा आहेत का, आणि सूज असेल तर बाही कुठं मापानं मिळेल. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही. बाकी दिवशी सुरुवात दारापासून वळणापर्यंत चालण्यानं झाली तरी चालेल, फक्त संध्याकाळी 'आज गेली होतीस का?' हे घरातल्या एकानं रोज विचारायचं, आणि तो एक कोण, हे आजच ठरवून टाका.