लिहिलेला दगड

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, अगदी दक्षिणेस, अमेरिकेच्या सरहद्दीनजीक एक गढूळ नदी वाहते. 1805 साली मेरिवेदर लुईस या प्रवाशाला तिचे पाणी चमचाभर दूध घातलेल्या चहासारखे दिसले आणि त्याने तिला ‘मिल्क रिव्हर’ म्हटले. हा रंग दुधाचा नव्हे, झिजणाऱ्या भूमीचा. याच नदीच्या काठी वालुकाश्माचे उंच कडे उभे आहेत आणि त्यांवर माणसांची, घोड्यांची, ढालींची चित्रे कोरलेली आहेत. इंग्रजीत या स्थळाला ‘रायटिंग ऑन स्टोन’ म्हणतात. ज्यांची ही भूमी, ते ब्लॅकफूट लोक तिला ‘आईसिनाइपी’ म्हणतात. अर्थ साधाच : येथे लिहिलेले आहे.

येथे माणसाच्या वस्तीच्या खुणा 3,500 ते 4,500 वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात. जुन्या चित्रांत अंगभर ढाल घेतलेले पायदळ योद्धे आहेत. अठराव्या शतकात या मैदानांत घोडा आला, बंदूक आली आणि ती दोन्ही लगोलग दगडावर उमटली. एका कड्यावर तर दोनशेहून अधिक आकृत्यांची सबंध लढाई मांडलेली आहे. तथापि ब्लॅकफूट श्रद्धेप्रमाणे ही केवळ माणसांची बखर नव्हे. ही चित्रे देवतांनी लिहिली आहेत. तरुणांनी येथे एकांतात उपास करावा आणि दृष्टान्त मागावा, अशी त्यांची रीत होती.

1877 साली ब्लॅकफूट व त्यांचे शेजारी यांच्याशी ब्रिटिश राणीच्या वतीने करार झाला आणि हे स्वैर हिंडणारे लोक राखीव भूमीत बांधले गेले. 1887 साली नदीकाठी घोडेस्वार पोलिसांचे ठाणे बसले. चोरटी दारू आणि घोड्यांची पळवापळवी रोखणे हे त्यांचे काम. काम थोडे, वेळ फार. मग कोणी शिपायाने चाकू काढून त्याच कड्यांवर आपले नाव कोरले. त्यांच्या मागून आलेल्या प्रवाशांनीही तेच केले.

कोकणच्या सड्यांवरील चित्रे कठीण जांभ्यात खोदलेली आहेत. इकडचा वालुकाश्म मात्र इतका मऊ की हाडाच्या टोकानेही त्यावर रेघ उमटते. म्हणून तर येथे इतकी चित्रे झाली आणि म्हणूनच ती इतक्या सहज पुसतात. वारा, पाऊस व हिमाचा तडाखा यांचे काम चालूच असते. त्यात माणसाच्या बोटांची भर पडली, तर हजार वर्षे टिकलेली रेघ काही पिढ्यांत नाहीशी व्हावयाची.

1957 साली येथे प्रांतिक उद्यान झाले. पुढे 1977 साली, करारानंतर बरोबर शंभर वर्षांनी, चित्रांचा मोठा भाग राखीव करण्यात आला. तेव्हापासून त्या भागात वाटाड्यावाचून पाऊल टाकता येत नाही. लढाईचे चित्र मात्र खुल्या पायवाटेवर आहे. ते कुंपणाआडून पाहावे लागते. 2019 साली युनेस्कोने आईसिनाइपीला जागतिक वारशात स्थान दिले.

आता कोणी विचारील, पहारेकरी हवा तर पाटी व कुंपण पुरे नाही काय? पुरे नाही. कुंपण हात अडविते, पण डोळ्यांना काही सांगत नाही. वाटाड्या उन्हाची तिरीप कोठे पडते ते पाहून उभे करतो, तेव्हा कोऱ्या दिसणाऱ्या दगडातून घोडा बाहेर येतो. तो घोडा कोणाचा, हे कळल्यावर त्यावर नाव कोरण्याचा मोह आपोआप गळतो.

आणि एक चित्र तर मुद्दाम पाहण्याजोगे. 1924 साली बर्ड रॅटल नावाचे एक वृद्ध ब्लॅकफूट गृहस्थ मोंटानाहून मोटारीने येथे आले. त्यांनी कड्यावर काय कोरले? मोटारगाड्या! पूर्वजांनी घोडा आल्यावर घोडा कोरला. यांनी मोटार कोरली, आणि राखीव भूमीत कोंडलेल्या आपल्या लोकांची नोंद पुढे चालविली. शिपायाने दगडावर ‘मी’ लिहिले. बर्ड रॅटल यांनी ‘आम्ही अजून आहोत’ असे लिहिले. दगड एकच, हत्यारही बहुधा तसलेच, पण त्यातला फरक कुंपणाला कळत नाही. तो सांगायला माणूसच लागतो.