गावदेवी आहे, पण गाव कुठंय?

ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरलं की पाच-सात मिनिटांत गावदेवी येते. रिक्षावाल्याला माहीत, भाजीवालीला माहीत. मैदान गावदेवीचं, मंडई गावदेवीची. पण ही कुठल्या गावाची देवी, असं कुणाला विचारून बघा. समोरचा दोन क्षण गप्प होतो. मंडळी, त्या गावाचं नाव नौपाडा. आपण राहतो तेच.

नौपाडा म्हणजे नऊ पाडे, असं जुनी माणसं सांगतात. आकड्याचा वाद नको, पण पाडा म्हणजे वस्ती, हे तर कुणी नाकारणार नाही. शेजारी पाचपाखाडी, पलीकडे चेंदणी कोळीवाडा आणि खाडी. गोखले रोड, राम मारुती रोड ही नावं पुष्कळ नंतरची.

अशा गावात सण कामाला बांधलेला असायचा. ठाणे जिल्ह्याचं मुख्य पीक भात. होळीच्या आगेमागे शेतात राब भाजायचा, म्हणजे शेणी, फांद्या, पालापाचोळा पसरून रोपांची जागा जाळून घ्यायची. चैत्र-वैशाखात हात मोकळे, म्हणून गावदेवीची जत्रा तेव्हाच. मृगात पेरणी, आषाढात चिखलात वाकून लावणी. ती आटोपली की श्रावणात अंग मोकळं करायला गोकुळाष्टमी. दसऱ्यापर्यंत हळवं भात तयार, मग नव्या लोंब्या दाराला. दिवाळीचे पोहे त्याच नव्या भाताचे.

कोळीवाड्यात हाच हिशेब पाण्याचा. पावसाळ्यात होड्या काठावर, मासळीचा विणीचा काळ. श्रावणी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच जाळं टाकायचं. आज सरकार १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी घालतं. मासळीला वाढू द्यावं ही अक्कल कोळ्यांच्या पंचांगात त्याआधीपासून होतीच, फक्त तिला अधिसूचना म्हणत नव्हते!

मग गाव गेलं कुठे? एका दिवसात नाही गेलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. १८६३ मध्ये ठाण्याला नगरपालिका आली. रेल्वेनं मुंबईचा पगार ठाण्यात आणला. पगार दर महिन्याला येतो, त्याला मृग आणि दसरा सारखेच. पुढे कारखाने आले, चाळी आल्या, सोसायट्या आल्या. १ ऑक्टोबर १९८२ ला आजूबाजूची ३२ गावं घेऊन महापालिका झाली, वर्षभरानं कल्याण-डोंबिवलीची. १९९१ च्या जनगणनेत ठाणे शहर ८ लाखांचं होतं, २०११ मध्ये १८ लाखांच्या वर गेलं. वीस वर्षांत दुपटीहून जास्त. शेतं इमारतींखाली गेली.

गंमत अशी की शेत गेलं, पण सण काही गेला नाही. उलट वाढला. गोकुळाष्टमीची हंडी गल्लीतून चौकात आली, चौकातून टीव्हीवर. २०१२ मध्ये आपल्या ठाण्यातच जय जवान पथकानं नऊ थर लावले, १३.३४ मीटर, आणि गिनीज बुकात नाव गेलं. गुढीपाडवा तर घरातला सण. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थाननं १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि तो रस्त्यावर आणला. मग ठाण्यात, गिरगावात, सगळीकडे.

याला नाकं मुरडायचं कारण नाही. कुणी सांगलीहून आलेला, कुणी रत्नागिरीहून, कुणी थेट बिहारहून. त्याला इथं शेत नाही, भावकी नाही. त्याला या शहरात चार माणसं ओळखीची झाली ती मंडळाच्या वर्गणीतून आणि आरतीतून. जुन्या गावाचंही उगाच गोडवं गाऊ नये. तिथं पालखीला खांदा कुणी द्यायचा, पंगतीत कुणी कुठं बसायचं हे जातीवर ठरायचं. आजच्या लेझीमच्या रांगेत आणि ढोलपथकात पोरी पुढे असतात. हा बदल चांगलाच आहे.

मला खटकतं ते वेगळंच. गावच्या सणाला लागायची गावची मोकळी जागा. जत्रेला मैदान, विसर्जनाला तलाव, नारळाला बंदर, होळीला माळ. ती कुणा एकाची नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. वर्षाकाठी सण यायचा आणि त्या जागेवरचा सगळ्यांचा हक्क ताजा करून जायचा.

आज ठाण्याला तलावांचं शहर म्हणतो आपण. मासुंद्याच्या काठी कोपिनेश्वर, पेशवाईत १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी जीर्णोद्धार केलेलं. त्या तलावांवर विसर्जनाचा भार इतका झाला की पालिकेला कृत्रिम तलाव करावे लागले. योग्यच केलं, पाणी वाचलं. पण तलावांच्या शहराला तलाव बांधावे लागले, यातच सगळं आलं. आणि आपल्या गावदेवी मैदानाच्या पोटात आता गाड्यांचं पार्किंग आहे. वर माती, खाली मोटारी.

जागा कमी पडली की सण रस्त्यावर येतो. मग मांडवानं रस्ता अडला, ॲम्ब्युलन्स अडकली, आवाजाची तक्रार झाली, कोर्टात गेलं. आम्ही बातमीदारही दोनच वाक्यं लिहितो, 'पारंपरिक उत्साहात साजरा' नाहीतर 'वाहतूककोंडीने नागरिक हैराण'. सण करणारा आणि सणाला वैतागलेला एकाच बिल्डिंगमध्ये राहतात, समोरासमोर दारं. भांडण त्यांचं एकमेकांशी नाहीच. जी मोकळी जागा दोघांचीही होती ती गेली, हे मूळ दुखणं आहे.

म्हणून सांगतो, परंपरा टिकवा असं भाषण देणाऱ्याला पुढच्या वेळी एकच प्रश्न विचारा. कुठं टिकवायची? मैदानाचं आरक्षण बदलतंय, तलावाचा काठ आक्रसतोय, खाडीत भराव पडतोय, तेव्हा साहेब तुम्ही कुठं होता? विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा आपणही जायला हवं. हंडीला हजारानं जमतो, सुनावणीला पन्नास तरी जमू की.

गावदेवी वेशीवर बसते ती गावाची राखण करायला. नौपाड्याची वेस आता कुठं राहिलीय? पण देवी अजून आहे, वर मैदानही अजून आहे. निदान तेवढ्याची राखण आपण करू.