परवानगीचा काळ

शाळा ही आपल्या समाजातील आजच्या मुलांना हवापाण्याइतकी सहज वाटते. निजामी अमलात ती तशी नव्हती. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण त्याचे माध्यम उर्दू. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे आम्ही मोकळ्या मनाने मानतो. मात्र ती भाषा नांदेड-लातूरकडील बहुसंख्य मुलांच्या घरची नव्हती. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी, आणि गस्ती निशाण 53 अन्वये सभा भरवावयाची तरीही हवी. विद्या आणि नागरिक स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच कुलुपात होती.

ते कुलूप प्रथम हलविले विद्यार्थ्यांनी. 1938 साली लातुरास महाराष्ट्र परिषद भरली. त्याच वर्षी औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटल्याबद्दल शेकडो मुले काढून टाकण्यात आली. त्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. 1950 साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांचे महाविद्यालय (तेच पुढे मिलिंद) निघाले. गंमत अशी की ही महाविद्यालये उस्मानियालाच जोडलेली राहिली. आपले मराठवाडा विद्यापीठ व्हावयास 23 ऑगस्ट 1958 उजाडले. लातुरास दयानंद महाविद्यालय 1961 साली आले.

ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहीत असलो तरी एक सांगणे प्राप्त आहे. ही दारे कोणा एका ज्ञातीने आपल्यापुरती उघडली नव्हती. स्वतः परवानगीसाठी ताटकळलेल्या या मुलखाने पुढे इतरांस काय दिले, हेही आपल्या घराघरांत बोलले पाहिजे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि नांदेडसह मराठवाड्यातील गावोगावी दलित वस्त्या जळाल्या. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलो, पण विद्यापीठाच्या नावावरून शेजाऱ्याचे घर जाळण्याचा अर्थ आम्हांस आजवर कोणी समजावून देऊ शकलेले नाही. नामविस्तारास 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडास स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले व लातूरची महाविद्यालये त्याकडे गेली.