नूब म्हणजे काय? अर्थ, उगम आणि 'न्यूबी'शी असलेला फरक

मोबाइलवर गेम खेळताना किंवा एखाद्या ग्रुपवर साधा प्रश्न विचारल्यावर कुणी तुम्हाला 'नूब' म्हटले आहे का? ही थट्टा होती की अपमान, असा प्रश्न पडला असेल तर हा लेख वाचा.

नूबचा अर्थ

नूब म्हणजे नवखा, खेळाचे किंवा ग्रुपचे नियम माहीत नसलेला. मित्राने म्हटले तर ती चेष्टा असते. अनोळखी माणसाने म्हटले तर बहुतेक वेळा 'तुला काही येत नाही' असा टोमणा असतो.

शब्द आला कुठून?

नूबचे मूळ 'न्यूबी' या इंग्रजी शब्दात आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७० च्या सुमारास, अमेरिकी सैनिक तुकडीत नव्याने आलेल्या जवानाला न्यूबी म्हणत. तो 'न्यू बॉय'पासून, म्हणजे शाळेत नव्याने आलेल्या मुलासाठीच्या शब्दापासून बनला असावा, असे मानले जाते.

पुढे हा शब्द यूजनेटवर रुळला. यूजनेट म्हणजे १९८० मध्ये सुरू झालेले चर्चेचे जाळे. दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि तेच ते प्रश्न विचारत. १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांनाही यूजनेट खुले केले आणि नवख्यांचा ओघ थांबेनाच. वैतागलेल्या जुन्या मंडळींनी या काळाला 'न संपणारा सप्टेंबर' असे नाव दिले.

पुढे ऑनलाइन गेममध्ये न्यूबीचे आखूड रूप 'नूब' झाले. इंग्रजीत लिहिताना त्यातल्या दोन 'ओ'च्या जागी दोन शून्ये घालायची पद्धतही पडली. अक्षरांऐवजी आकडे वापरण्याच्या या शैलीला 'लीटस्पीक' म्हणतात.

न्यूबी आणि नूब यांत फरक काय?

न्यूबी: नवा आहे, पण शिकायची तयारी आहे. यात कमीपणा नाही.

नूब: खेळून बरेच दिवस झाले तरी शिकत नाही, सांगितलेले ऐकत नाही आणि वर टीमलाच दोष देतो.

गंमत म्हणजे चॅटमध्ये हा फरक फारसा पाळला जात नाही. पहिल्याच दिवशी खेळायला आलेल्यालाही नूब ठरवले जाते.

मराठीत काय म्हणाल?

नवखा, नवशिका, शिकाऊ हे शब्द आहेतच. पण सगळ्यात गोड शब्द अंगणातल्या खेळातला आहे: कच्चा लिंबू! लपाछपीत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. 'तू नवा आहेस, पण खेळ' असे तो शब्द सांगतो. नूब मात्र बहुतेक वेळा 'तू नवा आहेस, म्हणून नीघ' असे सुचवतो.

कुणी नूब म्हटले तर?

ओळखीचा असेल तर हसून 'मग शिकव ना!' म्हणा. अनोळखी माणूस सतत त्रास देत असेल तर वाद न घालता म्यूट किंवा ब्लॉक करा. आणि उद्या तुमच्या ग्रुपवर कुणी अगदी साधा प्रश्न विचारला तर नूब म्हणण्याआधी त्याचे उत्तर द्या. तो प्रश्न कधीतरी तुम्हालाही पडला होताच की!